सतराव्या खणावरची कमान

तिलक नगर, जयपूर
रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

स्वस्ति श्री. सकलशास्त्रपारंगत (शास्त्रांना तसे वाटत नाही, परंतु त्यांना विचारतो कोण), व्याकरणवनपंचानन, धातुरूपदिग्विजयी, तिलकनगरस्थ भाडोत्री गृहाच्या वरच्या मजल्याचे अधिपती, एका सरळ आणि एका वक्र चाकाच्या सायकलीचे स्वामी, संस्कृत विभागातील पंख्याखालच्या एकमेव खुर्चीचे आद्य आक्रमक, अर्जित रजेचे परम उपासक श्रीमान अप्पासाहेब यांजकडून. पुण्यपत्तननिवासिनी, वनस्पतिशास्त्रविशारदा, शेवाळ-नेचे-कवकादी अपुष्प प्रजेची आश्रयदात्री, पितृवचनखंडनपटू, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी कुमारी चारुलता इजप्रत अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

प्रिय चारू,

वरील बिरुदावली रचण्यात पेनातील निम्मी शाई खर्च झाली, तेव्हा आता मुद्द्यावर यावे हे श्रेयस्कर. परंतु मुद्द्यावर सरळ येणे हा आपल्या घराण्याचा आचार नव्हे, हे तू जाणतेस. म्हणून प्रथम क्षेमवार्ता. तुझ्या आईची प्रकृती उत्तम आहे आणि माझ्याविषयीचे तिचे मत पूर्ववत आहे. दिवाळी सरली, ऊन मऊ झाले. सकाळी अकरानंतर आपल्या गच्चीवरून मोती डुंगरीचा तो चिमुकला किल्ला धुरकट उजेडात असा तरंगताना दिसतो, की त्याखाली टेकडी आहे हे मुद्दाम आठवून घ्यावे लागते. मी गुडघ्यांवर शाल घेऊन बसतो. शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर एक मोर येऊन बसतो. परस्परांस निरुपयोगी समजत आम्ही दोघे घटका दोन घटका काढतो. या उन्हात मनुष्य झोपत नाही आणि जागाही राहत नाही. अशाच संधिकालीन अवस्थेत हे पत्र लिहीत आहे. वाक्ये लांबली तर दोष सूर्यनारायणाचा.

एक गोष्ट मात्र पूर्ण शुद्धीवर येऊन लिहितो. फेब्रुवारी चौऱ्याऐंशीपासून, म्हणजे गेली दोन वर्षे नऊ महिने, तू माझ्या कानांच्या टप्प्यात एकही तार छेडलेली नाहीस. पुण्यास संशोधनाला गेलीस तेव्हा गिटार इथेच ठेवून गेलीस. गेल्या मे महिन्यात आईला लिहिलेस, की दिवाणाखालची ती पेटी कुणालातरी देऊन टाका, माझ्या उपयोगाची नाही. ती आज्ञा मला यथाविधी कळवण्यात आली. मी ती शिरसावंद्य मानली आणि पाळली नाही. गिटार घरातच आहे. याहून भयंकर वृत्त असे, की गेले पाच महिने ती मी वाजवतो आहे. येथे 'वाजवतो' या क्रियापदाचा अर्थ लक्षणेने घ्यावा. तुझी आई परवा शेजारणीला म्हणाली, “छळतात हो तिला, आणि ती बिचारी सहन करते.” हे तिने गिटारीविषयी म्हटले की अन्य कुणाविषयी, याचा खुलासा मी मागितला नाही.

आरंभ जूनमध्ये झाला. दुपारचे तीन, कूलरमधले पाणी आटलेले, रस्त्यावर कुत्रेदेखील नाही, आणि मी दिवाणावर पडून विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांनी वारा घेत होतो. एकाएकी माझ्या पाठीखालून एक स्वर आला. खोल, गोल, एकटा. तो दिवाणाच्या फळ्यांतून माझ्या बरगड्यांत शिरला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मला वाटले तू आलीस. अर्धवट झोपेत मी तुला हाकही मारली, आणि आईने आतून विचारले, “कुणाशी बोलताय?” खाली वाकून पेटी ओढली, तर बंद पेटीच्या आत उष्म्याने खर्जाची तार तुटली होती. दोन वर्षे मुकी बसलेली ती वस्तू, तुटताना तेवढी बोलली.

पेटीच्या झाकणातल्या खिशात तुझे कागद होते. सर्वांत वर ती तीन मात्रांची संथ चीज, जी तू रोज संध्याकाळी वाजवायचीस. पानाच्या शिरोभागी तुझ्या अक्षरात दिनांक होता, १२ फेब्रुवारी ८४, त्यामुळे ओळखण्यास वेळ लागला नाही. आता, पंडित मनुष्यास अज्ञात लिपी दिसली की तो तीवर भाष्य लिहू लागतो. मीही लिहू लागलो. पाच रेषांवर काळ्या मुंग्यांची मिरवणूक, ते स्वर. इथपर्यंत ठीक. पण खाली ठिकठिकाणी तिरपी इंग्रजी अक्षरे होती. 'पी' दिसले तिथे मी समजलो, पान उलटावे. 'एफ' दिसले तिथे निष्कर्ष काढला, की तुझ्या गुरू मिसेस परेरा यांनी तुला त्या ओळीत नापास केले आहे. दोन 'एफ' म्हणजे पुनश्च नापास. खोटे कशाला बोलू, मला अल्पसे समाधानही वाटले. तुझ्या वादनाविषयी माझे जे मत होते, ते एका तज्ज्ञ स्त्रीलाही मान्य असल्याचा तो लेखी पुरावा होता.

हे भाष्य छापखान्यात जाण्यापूर्वीच मला गुरू लाभला, हे ग्रंथजगताचे भाग्य. सुभेदार नागनाथ खरमाटे हे इथल्या छावणीच्या लष्करी बँडात क्लॅरिनेट वाजवतात. गाव अंबाजोगाईकडचे. येत्या मार्चात निवृत्त होऊन गावी घर बांधणार आहेत. गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठकीत त्यांनी मला गाठले आणि घरासाठी एक संस्कृत नाव मागितले. मी तत्काळ 'नादब्रह्मनिकेतनम्' अर्पण केले. ते म्हणाले, “सर, पोस्टमनला वाचता आलं पाहिजे.” तेव्हापासून दर रविवारी ते गच्चीवर येतात, मी त्यांना एक नाव देतो, ते नाकारतात, आणि मोबदल्यात मला तुझ्या कागदावरील एकेक खूण समजावून जातात. गिटार त्यांना वाजवता येत नाही. कागद मात्र ते असा वाचतात, जशी आपण घरून आलेली तार वाचतो.

त्यांचे पहिले वाक्य मी वहीत उतरून घेतले आहे. “सर, खाली लिवलेलं ते काय शोभेसाठी नसतंय. हुकूम हायत ते. स्वर म्हंजे जवान, अन् हे हुकूम. हुकूम वाचला नाही तर जवान नुस्ता उभा.” मग कळले, की 'पी' म्हणजे पियानो, हळू, 'एफ' म्हणजे फोर्ते, जोराने, भाषा इटालीची. मिसेस परेरांची मी मनोमन क्षमा मागितली. दोन 'पी' म्हणजे किती हळू, असे विचारता सुभेदार म्हणाले, “कर्नलसाहेबांचं लेकरू आताच झोपलंय अन् आपल्याला त्याच खिडकीखालून जायचंय, तितकं.” दोन अक्षरांचा एक मधला दर्जाही आहे, मेझो फोर्ते, मध्यम जोर. हे मला चिन्हांतले मध्यमवर्गीय वाटले. त्याचे प्रमाण त्यांनी सांगितले, “घरात बोलतो तसं.” त्याच क्षणी तुझी आई आणि मी चहात साखर किती या विषयावर विचारविनिमय करीत होतो. सुभेदारांनी तो शांतपणे ऐकला आणि दुरुस्ती केली, “म्हंजे, दुसऱ्याच्या घरात.”

दोन रेषा एका टोकाला मिळालेल्या आणि दुसरीकडे उघडत गेलेल्या, ती लांबट खूण मी गणितातील न्यूनाधिक्याची समजत होतो. ती क्रमाने वाढण्याची निघाली. उलटी असेल तर ओसरण्याची. बँडातले लोक तिला केसांत खोचायचा आकडा म्हणतात. पण गिटारीचे एक दुःख मला तिथे कळले, जे क्लॅरिनेटवाल्या सुभेदारांनाही ठाऊक नव्हते. फुंकणारा मनुष्य एकच स्वर वाढवू शकतो. छेडलेली तार वाढत नाही. ती जन्मताच ओसरू लागते. म्हणून वाढायचे असेल तर ते पुढच्या स्वरात, त्याच्या पुढच्या स्वरात. प्रत्येकाने आधीच्याच्या किंचित वर जन्म घ्यायचा. हे कळले त्या दुपारी मी गिटार मांडीवर घेऊन बराच वेळ काहीच वाजवले नाही. आईला ती दुपार फार आवडली.

त्याच दिवसांत मला एक स्वप्न पडले. वेळ दुपारची, स्थळ हीच खुर्ची. एका अवाढव्य हाताने पेन्सिल घेऊन झालान्याच्या जंगलापासून मोती डुंगरीपर्यंत आकाशात एक आकडा काढला, उघडत जाणारा. त्याबरोबर सारे शहर वाढू लागले. आधी झाडीतल्या शेळ्यांची घुंगरे, मग सायकलरिक्षांच्या घंट्या, मग जोहरी बाजारातले तांब्यापितळेचे आवाज, मग देवळातले नगारे. आणि सगळे इतके क्रमाने, इतके एकमेकांना सांभाळून, की गोंगाट असा झालाच नाही. जयपूर एखाद्या मोठ्या लाटेसारखे वर आले. आणि अगदी माथ्यावर असताना कुणीतरी शहरावर एक कमान काढली, तिच्याखाली एक बिंदू. सगळे थांबले. चहावाल्याच्या किटलीतून पेल्यात पडणारी धार हवेतच उभी राहिली. पतंग होता तिथेच राहिला. ते थांबणे मेल्यासारखे नव्हते, चारू. कुणीतरी काहीतरी फार प्रेमाने धरून ठेवले आहे असे ते होते. केवळ एक आवाज चालू होता. टक, टक, टक. कुणीतरी लाकडावर बोटे वाजवत होते. त्या इसमाचा मला मनस्वी संताप आला. जागा होऊन पाहतो, तर माझीच बोटे खुर्चीच्या हातावर होती.

ऑगस्टात आम्ही अलंकारांपाशी आलो. इथे मला वाटले, की आता हे आपले राज्य. मोठ्या स्वराच्या अलीकडे एक इवलासा स्वर छापलेला असतो, मानेवर तिरकी रेघ असलेला. त्याची मोजणीत गणतीच नाही. मी विचारले, मग तो जगतो कशावर? सुभेदार म्हणाले, “त्याला रेशन नाही, सर. मोठ्याच्या ताटातला एक घास खाऊन पळायचं.” आपल्या गाण्यातला कणस्वर तो हाच, असे मी जाहीर केले. एका स्वराच्या माथ्यावर नागमोडी रेघ असते, अंगावर शहारा यावा तशी. तिथे दोन शेजारी स्वर त्वरेने आळीपाळीने घ्यायचे. माझ्या बोटांत तो शहारा हिवतापासारखा येतो, ही गोष्ट वेगळी. पण मला खरा धक्का बसला तो निराळ्याच कारणाने. वेदांच्या पोथीत अक्षराच्या खाली आडवी रेघ असते, वर उभी रेघ असते. स्वर खाली न्या, वर न्या. प्लुत स्वरापुढे तीनचा आकडा असतो: दीर्घाहूनही दीर्घ, थांबा, ओढा. सत्तावीस वर्षे मी मुलांना बजावत आलो, की ही रेघ म्हणजे शाईचा डाग नव्हे. जो ती सोडून वाचतो, त्याने पोथी वाचलीच नाही. गेल्या वर्षी एवढ्याचसाठी एकाचे पाच गुण कापले. आणि माझ्याच घरात, माझ्याच दिवाणखान्यात, रोज संध्याकाळी एक मुलगी खुणांनी भरलेली पोथी समोर ठेवून अक्षरशः पाळत होती, आणि मी आतल्या खोलीतून त्या खुणांवर टेबल वाजवत होतो.

होय, आता मुद्दा आलाच.

तुला आठवत असेल, विसरली असतीस तर फार बरे झाले असते. तू वाजवायला बसलीस की मी लिहिता लिहिता टेबलावर ताल धरायचो. तीन-तीन मात्रा, म्हणजे आपला सरळ दादरा. आणि प्रत्येक संध्याकाळी एका विशिष्ट जागी तू रेंगाळायचीस. आधी पावले जड झाल्यासारखी, मग पूर्ण थांबा. मी तिथे जोराने टेबल ठोकायचो, तुला वाट दाखवावी म्हणून. “लय सोडू नकोस!” हे माझे या घरातले सायंप्रार्थनेसारखे वाक्य होते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी सुभेदार आणि मी सतराव्या खणावर आलो. उभ्या रेघांनी पाडलेल्या त्या कप्प्यांना मी खण म्हणतो. सोळाव्यात तीन अक्षरे छापलेली आहेत, 'रिट्'. रितार्दान्दो, क्रमशः मंद व्हा. सुभेदार म्हणाले, “परेड थांबवायच्या आधी पावलं आखूड करायची. धाडकन थांबलं तर मागचा पुढच्यावर पडतो.” आणि सतराव्या खणात, एकाच स्वरावर, एक कमान, कमानीखाली बिंदू. “इथं घड्याळ खिशात घालायचं, सर. इथं मोजणी बंद.” मी विचारले, किती वेळ? “ते कागदावर नसतंय. बँडमास्तरचा हात वर असतो तवर. एकट्यानं वाजवणाऱ्यानं आपल्या मनाला इचारायचं.” मग विचारले, आणि मधेच कुणी ताल दिला तर? सुभेदार मनापासून हसले. “कोण देईल, सर? येडा असंल तर.”

मी त्यांना आणखी चहा ओतला. कप भरून बशीतही ओतला. कारण तोवर मला दिसले होते, की त्या कमानीशेजारी तुझी पेन्सिल आहे, अगदी बारीक. 'अप्पा इथे टेबल वाजवतील. ऐकायचं नाही.' सुभेदारांनी ते वाचले की नाही, मला ठाऊक नाही. ते कप उचलून कठड्यापाशी गेले आणि मोराकडे इतक्या एकाग्रतेने पाहू लागले, की तो मोरही संकोचला असावा.

बारा फेब्रुवारीचा तो रविवार. शाळेच्या सभागृहात मराठी मंडळींचा मेळावा, छावणीतली कुटुंबे, रुग्णालयातले डॉक्टर, आम्ही मास्तर लोक, खिडक्यांतून येणारे तिरके पिवळे ऊन. तू निळी साडी नेसून स्टुलावर बसलीस. मी पहिल्या रांगेत, कारण मी नेहमी पहिल्या रांगेतच बसतो. आपल्या मैफलीत जाणत्याने हाताने ताल धरायचा, समेवर मान द्यायची, हे सौजन्य समजतात. गाणाऱ्याला त्याचा आधार वाटतो. मी तुला आधार देत होतो, चारू. तू सोळाव्या खणात मंद झालीस, सतराव्यात थांबलीस. मला वाटले विसरलीस. माझी मुलगी दीडशे माणसांपुढे अडकली आहे असे मला वाटले, आणि मी दोन्ही हातांनी मोठ्याने टाळी देऊ लागलो. अप्पासाहेबांना तालाचे ज्ञान आहे अशी ख्याती, म्हणून शेजारच्या डॉक्टरांनी धरली, मग मागच्या मेजरांनी, मग सगळ्यांनी. सारे सभागृह माझ्या मुलीला दादरा देऊ लागले. तू तारांवर हात ठेवलास, त्या निजवल्यास, नमस्कार केलास आणि आत गेलीस. मी शेजाऱ्यांना म्हणालो, “पोर घाबरली.”

घरी येताना रिक्षात तू एकच वाक्य बोललीस. “अप्पा, मी विसरले नव्हते. तिथे थांबायचंच असतं.” आणि मी, व्याकरणवनपंचानन, काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते, कारण मला माझी सगळी वाक्ये आठवतात. मी म्हणालो, “थांबायचं असतं, तर कुणीतरी तसं लिहून ठेवलं असतं.”

लिहून ठेवले होते. छापले होते. आणि तू तेव्हाही पेटी उघडून मला ते दाखवले नाहीस. मला वाटते, दाखवले असतेस तर मी छपाईची चूक आहे असे म्हणालो असतो.

दसऱ्यानंतर आईला घेऊन कानोत्याला गेलो, धरणावर. बसमध्ये गिटार मांडीवर उभी धरली होती. एका पगडीवाल्या आजोबांनी विचारले, “बाबूजी, सितार है?” मी म्हटले, सितारीची मावसबहीण आहे, लग्नाला निघालो आहोत. त्यांनी आदराने सरकून तिला जागा दिली. पाणी अगदी निवळ होते, पलीकडच्या टेकड्या त्यात उलट्या झोपल्या होत्या. आईने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी काढली, आणि मी, घरात धीर होत नव्हता म्हणून, तिथे बांधावर बसून तुझी चीज पहिल्यापासून वाजवली. चुका मोजू नयेत. इवल्या स्वरांनी मोठ्यांची ताटेच उलटी केली. पण सोळाव्या खणात पावले आखूड केली, आणि सतराव्यात, कमानीखाली, तो एक स्वर छेडून हात उचलला. मला काहीच करायचे नव्हते. तार धरून ठेवता येत नाही. तिचे जाणे तेवढे ऐकता येते. तो स्वर पाण्यावरून गेला, बारीक होत गेला, आणि कुठवर स्वर होता आणि कुठून नुसते ऊन सुरू झाले, हे मला सांगता येणार नाही. त्या तेवढ्या अवकाशात तू होतीस. स्टुलावर, निळ्या साडीत, मान किंचित कललेली, ऐकत. मी प्रथमच तुला वाजवताना पाहिले असे म्हणेन. आणि मग तू पुढचा स्वर घेणार होतीस. आम्ही कुणी घेऊ दिला नाही.

आईने पुऱ्यांवर फडके घातले, पुन्हा काढले. मग म्हणाली, “अहो, त्या दिवशी मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. तुम्ही दिल्यात म्हणून. मला वाटत होतं, पोरीचा चेहरा बरोबर आहे, आपलंच काहीतरी चुकतंय. तरी वाजवल्या.” आम्ही भाजी-पुरी खाल्ली. परतीच्या बसमध्ये तिने गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली.

आता हे सगळे आजच का लिहितो, ते सांगून टाकतो. तुझ्या इंदुमती आत्याचे या गुरुवारी आईच्या नावे पत्र आले. चारू पुन्हा वाजवू लागली आहे, मैत्रिणीची गिटार आणते, रविवारी चौदा डिसेंबरला तिच्या पुण्यातल्या गुरूंच्या घरच्या माडीवर छोटासा कार्यक्रम आहे, तीच जुनी चीज वाजवणार आहे, तू नक्की ये, आणि 'अप्पाला यातलं काही कळू देऊ नकोस, चारूची शपथ आहे' असे त्यात स्पष्ट लिहिले होते. माझ्या भगिनीने हे सर्व पोस्टकार्डावर लिहिले होते, आणि पोस्टमनने ते माझ्या हाती दिले. आत्यावर रागावू नकोस. गुप्तता हा विषय आमच्याकडे कुणाच्याच अभ्यासक्रमात नव्हता. तुझी आई येणारच आहे. प्रश्न माझा आहे. मी तुला तर्क सांगत नाही, दृष्टान्त देत नाही, पितृत्वाचा अधिकारही काढत नाही. मला त्या माडीवर शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचे आहे. तू सोळाव्या खणात मंद होशील तेव्हा मला मंद व्हायचे आहे, आणि कमानीखाली तू थांबशील तेवढा वेळ, मग तो कितीही असो, मला काहीही करायचे नाही. तुझ्या शपथेत मी नको आहे, हे मी वाचले आहे. वाचले आहे म्हणूनच विचारतो: चारू, मी येऊ का? नाही म्हणालीस तरी गिटार आईबरोबर येईल. तार नवी लावली आहे, आणि तुझ्या पेन्सिलीला मी खोडरबर लावलेले नाही. 'नको' असे लिहिलेस, तर ते दोन अक्षरांचे उत्तर मी पाळीन. लेखी आज्ञा पाळण्याइतका मी आता सुशिक्षित झालो आहे.

सर्व बिरुदे गच्चीवर वाळत घालून,

तुझाच
अप्पा

ता. क. प्रवासाचा होल्डॉल पट्टा शिवायला म्हणून स्टेशनजवळच्या मोच्याकडे दिला होता, तर त्याने तो पट्टा चार बोटे आखूड शिवून दिला. आता उशी आत घातली की होल्डॉल मिटत नाही, उशीवाचून तुझी आई गाडीत पाऊल ठेवत नाही, आणि मोची म्हणतो पट्टा बरोबर आहे, दोष उशीचा आहे. काल तिसऱ्यांदा जाऊन आलो. उशी बरोबर घेऊन ये, मग बोलू, असे म्हणतो.